साडूंनी घेतलेली इंग्रजीची झडती

इंग्रजी भाषेत पुष्कळांनी कविता केल्या असतील, तिच्या जोरावर पुष्कळांनी राज्यं केली असतील, पण त्या भाषेला कोपऱ्यात उभं करून खिसे उलटे करकरून तिची झडती घेणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मुक्काम तेर. शिक्षण जुनी दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. दुर्दैवानं मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. दुर्दैवानं अशासाठी, की जगात कुठलाही इंग्रजी शब्द चुकीचा वागला की त्याचा पालक म्हणून अण्णा मला जाब विचारतात. आमच्या घरचा फोन सकाळी सहाला वाजला, तर कुणी आजारी असेल अशी शंका आता आम्हाला येत नाही. बायको अंथरुणातूनच म्हणते, "घ्या, शब्द आला."

आमची पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीत झाली. हुंडा नको, मानपान नको, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले, भरघोस मिशांचे, पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "इंग्रजीचे सर हाव म्हणं तुमी?" मी मान हलवली. "मग एक सांगा. आता हे लगीन झालं की मी तुमचा साडू. इंग्रजीत साडूला काय म्हणायचं?" मी म्हणालो, "ब्रदर-इन-लॉ." "म्हणजे?" "म्हणजे... कायद्यानं भाऊ." अण्णा पुढं सरकले. "कोणच्या कायद्यानं?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "कलम सांगा की. मेव्हणाबी कायद्यानं भाऊ, साडूबी कायद्यानं भाऊ, सासू कायद्यानं माय. एवढा मोठा कायदा हाय, मग कुठंतरी लिहून ठिवला आसंल." माझे भावी सासरे छताकडे पाहू लागले. मी कपाळावरचा घाम पुसून म्हणालो, "मला माहीत नाही." अण्णांनी सासऱ्यांकडं वळून निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. थाप मारली न्हाय. द्या पोरगी." माझं लग्न असं एका न आलेल्या उत्तरावर जमलं. पुढं पंधरा दिवस ग्रंथालयात बसून मी ते कलम शोधलं. जुन्या काळच्या चर्चचा कायदा होता तो. कुणी कुणाशी लग्न करायचं नाही हे सांगणारा. अण्णांना कळवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपलं नातं मनाईहुकमावर चालू हाय."

हे वेड त्यांना जन्मतः नव्हतं. त्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उसाचा ट्रॅक्टर आला की भरलेला तोलायचा, ऊस उतरवून निघाला की रिकामा तोलायचा, मधला फरक तो ऊस. या कामात इंग्रजीचा संबंध येत नव्हता. मग काट्यावर नवी केबिन झाली, संगणक आला आणि भिंतीवर एक इंग्रजी पाटी लागली: व्हेन द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द केबिन. अण्णांनी ती लावून वाचली. अलार्म ऑफ झाला की केबिन सोडा. ऑफ म्हणजे बंद. हे तर दिव्याच्या बटणावरच लिहिलेलं असतं. एके दिवशी संगणकाच्या बॅटरीतून धूर निघायला लागला आणि अलार्म कोकलायला लागला. बाहेरचे ट्रॅक्टरवाले ओरडले, "अण्णा, भायेर या!" अण्णांनी आतूनच सांगितलं, "आजून ऑफ झाला न्हाय!" धूर वाढला, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी नियमाचे पक्के अण्णा तोंडाला उपरणं लावून पाटीकडं बघत उभे. शेवटी तो अलार्मच थकून बंद पडला. त्याबरोबर अण्णा दार उघडून असे पळाले, की उसाच्या तीन गाड्या ओलांडून थेट कँटीनपाशी थांबले. तिथं एका तरुण इंजिनिअरनं त्यांना सांगितलं, की अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे अलार्म वाजतो. अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "दिवा ऑफ म्हणजे बंद आन् अलार्म ऑफ म्हणजे चालू? आन् ह्या भाषेवर तुमी विमानं उडिवताव?" त्या दिवसापासून त्यांचा इंग्रजीवरचा विश्वास उडाला आणि चौकशी सुरू झाली.

चौकशीची त्यांची पद्धत ठरलेली आहे. पाहुणा दारात आला की आपण जसं "पावणं, गाव कोणतं?" विचारतो, तसं ते शब्दाला विचारतात. गाव कोणतं, भावकी कोण, इथं कशाला आला. त्यासाठी त्यांच्याकडं काट्यावरचं एक कोरं राहिलेलं जाडजूड रजिस्टर आहे. त्याचे रकाने छापीलच आहेत: वाहन, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, शेरा. वाहनाच्या रकान्यात ते शब्द लिहितात. मी एकदा चोरून ते रजिस्टर वाचलं. 'काइंडली': भरलेलं वजन, मेहेरबानी करून करा. रिकामं वजन, करा. निव्वळ, करा न्हायतर पुन्हा कागद पाठवतो. 'अ‍ॅक्च्युअली': भरलेलं वजन, खरं म्हणजे. निव्वळ, शून्य. शेरा: पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं वापरतात. 'सर' या शब्दापुढं फक्त शेरा होता: साडूला विचारलं, साडूला माहीत नाही.

"अण्णा, आता मोबाईलवर सगळं मिळतं, मला कशाला विचारता?" असं मी एकदा काकुळतीनं म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मोबाईलला म्या कायबी विचारलं तर ते लगीच सांगतंय. आडखळत न्हाय, डोकं खाजवत न्हाय. आसल्याचा भरवसा कसा धरावा? तुमी कसं, आधी घाबरताव. मग मला तसल्ली वाटती." हा माझ्या अध्यापनाचा आजवरचा सर्वांत मोठा गौरव आहे असं मी धरून चालतो.

त्यांना घेऊन कुठं जायची सोय नाही. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं देवीच्या दर्शनाला तुळजापूरला गेलो. मुक्कामाला लॉज पाहिला. मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "अटॅच्ड बाथरूम आहे, काका." अण्णा चपापले. त्यांनी आयुष्यात 'अटॅच' हा शब्द फक्त कोर्टाच्या कागदात पाहिला होता, आणि तिथं त्याचा अर्थ जप्ती. ते मॅनेजरला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "कुणी केली जप्ती? आन् जप्तीतल्या न्हाणीत आमी आंघोळ केली तर आमच्यावर काय येणार न्हाय ना?" तो बिचारा मालकाला फोन लावायला गेला. आम्ही दुसरा लॉज बघितला.

दुसऱ्या एका वेळी खोकला हटेना म्हणून मी त्यांना धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. छातीचा फोटो काढला. रिपोर्टमध्ये बाकी सगळं ठीक होतं, पण हृदयापुढं लिहिलं होतं, 'अनरिमार्केबल'. अण्णांनी त्याचा अर्थ माझ्याकडून काढून घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "उल्लेख करण्यासारखं न्हाय? साठ वर्सं झाली, दिवसरात धडधडतंय. एक दिवस सुट्टी घेतली न्हाय. आन् म्हणं उल्लेख करण्यासारखं न्हाय!" डॉक्टरांनी समजावलं, की हृदयाबद्दल काही बोलण्यासारखं नसणं हीच उत्तम बातमी. अण्णा दारातून मागं वळून म्हणाले, "ते खरं हाय सायेब. पर माणसाला वाईट वाटतंय."

अशा या अण्णांना एकच मुलगी. तिनं नर्सिंग केलं, सोलापूरला दोन-तीन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस इंग्लंडला जायचं ठरवलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. पोरीनं अभ्यासाला बसावं आणि अण्णांनी शेजारी मांडी ठोकून विचारावं, "माय, नाक गळतं त्येला 'नोज रन्स' आन् पायाला वास येतो त्येला 'फीट स्मेल'. म्हणजे ह्येंच्यात नाक पळतंय आन् पाय वास घेतेत का?" पोरगी नापास होणार याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, अण्णांना शेवटचे आठ दिवस शेतात राहायला पाठवलं. पण तोंडी परीक्षेत तिला विषय आला, तुमच्या घरातल्या एका माणसाविषयी बोला. ती बापाविषयी बोलत सुटली. वेळ संपल्यावरही परीक्षक बाई तिला थांबवेनात म्हणे. अलार्मचं पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचं होतं. पोरगी उत्तम गुणांनी पास झाली.

तिला सोडायला आम्ही विमानतळावर गेलो. अक्का रडत होत्या, माझी बायको रडत होती. अण्णा मात्र तिच्या हातातला बोर्डिंग पास उलटसुलट करून बघत होते. "सर, लॉजवर बोर्डिंग म्हणजे जेवण. मग ह्यो जेवायचा पास हाय का चढायचा?" मी म्हणालो, "चढायचा." "मग जेवायचा कुठं हाय? तिकडं पोचंस्तोर पोरगी उपाशी ऱ्हाईल की." मी सांगू लागलो, की बोर्ड म्हणजे फळी, फळीवर जेवायचं म्हणून बोर्डिंग, जहाजाच्या फळीवर चढायचं म्हणूनही बोर्डिंग. ते ऐकत नव्हते. पोरगी काचेपलीकडं गेली होती आणि ते टोपी काढून हातात धरून उभे होते.

तिकडं इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका छोट्या गावात, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करतात अशा एका ठिकाणी ती कामाला लागली. पहिला महिना बरा गेला. मग एका सकाळी तेरहून सुटणाऱ्या पहिल्या बसनं अण्णा रजिस्टरसकट माझ्या दारात हजर. चप्पलही न काढता म्हणाले, "सर, पोरीला परत बोलवायची. नोकरी सोड म्हणून सांगतो." मी घाबरलो. "काय झालं?" अण्णांनी रजिस्टर छातीशी धरलं. "तिला तिथले म्हातारे बदक म्हणायलेत."

खुलासा असा झाला, की आदल्या दिवशी पोरीनं फोनवर हसत सांगितलं होतं, "बाबा, इथं मला सगळे 'डक' म्हणतात. थँक्यू डक, गुड मॉर्निंग डक." ती हसत होती, पण अण्णांना घास गेला नव्हता. मी पुस्तकं काढली. त्या भागात डक हा प्रेमाचा शब्द आहे, एवढं निश्चित. पण त्याचं मूळ? एका पक्षाचं म्हणणं, तो पक्ष्यावरूनच आला. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, तो सरदार-पुढारी अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून आला. भांडण मिटलेलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, आपण नाही का लाडानं 'माझी चिमणी' म्हणत?"

"चिमणी येगळी आन् बदक येगळं. चिमणी अंगणात येती, दाणे टिपती. बदक चिखलात फतकल मारून बसतंय."

त्यांना धीर द्यावा म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "उलट बरंय हो. वर स्कॉटलंडमध्ये गेली असती तर बायकांना लाडानं 'हेन' म्हणतात. कोंबडी." अण्णांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे तिथं सगळा खुराडाच हाय!"

त्यांना घेऊन मी तेरला गेलो, कारण आता प्रकरण अक्कांच्या हाती देण्यावाचून मार्ग नव्हता. अक्का भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हात थांबवला आणि मला म्हणाल्या, "सर, तुमचे साडू मला तीस वर्सं झाली नुसतं 'ए' म्हणतेत. त्या 'ए'चं गाव कोणतं, तेवढं आधी हुडकून द्या. मग बदकाचं बघू." आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या. अण्णांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. तरी त्यांचा हट्ट सुटेना. जी बाई सगळ्यांत जास्त डक म्हणते, तिलाच विचारायचं, समोरासमोर.

पोरीनं तिथल्या वरिष्ठांना विचारून, त्या आजींना विचारून, रविवारी संध्याकाळी व्हिडिओ फोन लावून दिला. अण्णांनी कोट घातला होता. प्रश्न मी लिहून दिला होता आणि त्यांनी तो आठवडाभर पाठ केला होता: मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट, व्हाय डक? पडद्यावर कापसासारख्या केसांच्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी दिसल्या. गुडघ्यांवर शाल, हातात कप. अण्णा उभे राहिले, नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात प्रश्न विचारला. आजींना कमी ऐकू येत होतं. त्या पडद्याकडं वाकून म्हणाल्या, "व्हॉट्स दॅट, डक?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मला म्हणाल्या?"

"तुम्हालाच."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. कोटाचं बटण त्यांनी उगाच काढून पुन्हा लावलं. पोरीनं आजींच्या कानाशी जाऊन प्रश्न पुन्हा सांगितला. आजींनी विचार केला. मग त्या जे म्हणाल्या ते पोरीनं मराठीत सांगितलं: "त्या म्हणतात, मला काय ठाऊक? आमची आई म्हणायची, म्हणून मी म्हणते."

"आन् आईचा त्यात अर्थ काय आसायचा, ते इचार."

पुन्हा विचारलं गेलं. आजींनी कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, आई 'कम ऑन, डक' म्हणाली, की चहा झालेला असायचा.

अण्णांनी रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि काही न लिहिता पुन्हा लावलं. "आईकडनं आलाय," मला म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या. आता ह्याच्या म्होरं चौकशी करायची न्हाय." नोकरी सोडण्याचा विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी तेरच्या बसथांब्यावर भेटेल त्याला ते सांगत होते, की विलायतेच्या बाईनं मला डक म्हटलं. हा शब्द इतका अंगात भिनला, की घरी जाऊन त्यांनी अक्कांनाही "डक, च्या टाक की" म्हणून पाहिलं. "बदक घाला चुलीत," असं अक्का म्हणाल्या, पण चहात साखर जास्त होती असं अण्णांनी मला खासगीत कळवलं.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे अण्णांच्या शेतात होतो. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याचं खोपटं म्हणजे कोप, आत पांडवांची पूजा, बाहेर घोंगडीवर पंगत. पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली थंडगार आंबील. पोरीचं हे तिकडचं दुसरं वर्ष, म्हणजे दुसरी येळवस चुकलेली. जेवण अर्ध्यात आलं असताना अण्णांचा मोबाईल वाजला. तिचा निरोप होता, इंग्रजीत, चार शब्दांचा. अण्णांनी तो वाचला आणि घोंगडीवरून सरकत माझ्याजवळ आले.

"सर, सीसिक म्हणजे समुद्रानं आजारी पडणं. कारसिक म्हणजे गाडीनं. बरुबर?"

"बरोबर."

"मग होमसिक म्हणजे घरानं आजारी पडणं का? आमी काय केलंय तिला?"

मी सांगितलं, की घर जवळ नसल्यामुळं जे आजारपण येतं ते. समोरच्या द्रोणातली भज्जी निवत होती. ती तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "मग औषध काय देतेत त्येंच्यात?"

वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे मी. मी त्यांच्या द्रोणात गरम भज्जी वाढली.

दोन दिवसांनी ते धाराशिवला आले. पिशवीत प्लॅस्टिकचा घट्ट बांधलेला डबा होता. भज्जी आणि आंबील विमानानं जात नाहीत हे अक्कांना मान्य करावं लागलं होतं; म्हणून त्यांनी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटली होती. आम्ही कुरियरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं एक फॉर्म पुढं सरकवला. "काका, आत काय आहे ते इथं इंग्रजीत लिहा."

अण्णांनी पेन उघडलं आणि माझ्याकडं वळले. "चटणीला इंग्रजीत काय म्हणतेत?"

"चटणीच," मी म्हणालो. "आपलाच शब्द आहे. फार पूर्वी तिकडं गेला."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी अडखळलो नव्हतो, घाबरलो नव्हतो, तरी त्यांनी या वेळी उलटतपासणी केली नाही. फक्त म्हणाले, "परत न्हाय आला?"

"तिथंच रुळला."

"नाव न्हाय ना बदललं?"

"थोडं त्यांच्या वळणानं बोलतात. पण नाव तेच."

अण्णांनी मला एकेक अक्षर विचारलं आणि सावकाश, काट्यावर पावती लिहावी तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं. मुलीनं फॉर्म घ्यायला हात पुढं केला. "थांब माय," ते म्हणाले, आणि वाटेत पुसली जाऊ नयेत म्हणून ती सगळी अक्षरं त्यांनी पुन्हा एकदा गिरवली.